काखेतून उचलू नका

आमच्या एका नातलगांचं बिऱ्हाड उल्हासनगरला, कॅम्प नं. ३ मध्ये आहे. त्यांच्या दीड वर्षाच्या मुलाच्या हृदयाला जन्मतः छिद्र होतं. मुंबईला छाती उघडून ऑपरेशन झालं आणि बाळ घरी आलं. मुरबाडकडच्या गावाहून आजी भेटायला आली. नातू दिसताच तिनं त्याच्या काखेत दोन्ही हात घातले. तोच सून ओरडली, “आई, काखेतून नको!” आजीचे डोळे भरून आले.

पण सुनेचं खरं होतं. अशा ऑपरेशनात छातीचं मधलं हाड कापून पुन्हा बांधतात. ते सांधायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. काखेतून उचललं, हात धरून ओढलं, की त्या सांध्यावर ताण येतो. म्हणून एक हात मान-खांद्याखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घालून लेकरू अलगद उचलावं. अंगडं सैल, पुढून उघडणारं असावं.

काही मुलांचं छिद्र जांघेतल्या शिरेतून नळी घालून बुजवतात. त्यांचं हाड कापलेलं नसतं. तिथं जांघेकडे लक्ष ठेवावं. रक्त आलं तर स्वच्छ फडक्यानं दाबून धरावं आणि तसाच दवाखाना गाठावा.

जखमेवर हळद, तेल, राख लावू नका. छातीला मालिश नको. ‘रडत नाही, मग दुखण्याचं औषध कशाला?’ असंही म्हणू नका. दुखत असलं की मूल खोकायला भितं, कफ साचतो, दूध पीत नाही. औषध नेमल्या वेळी द्या. ओकलं तर मनानं पुन्हा देऊ नका, डॉक्टरांना विचारा. दूध थोडं थोडं, पण वरचेवर पाजा.

मूल रात्री दचकेल, आईला सोडणार नाही, अंथरूण ओलं करील. काही आठवडे असं चालतं, रागावू नका. गावी आणलं तर चुलीचा धूर, मळणीची धूळ आणि वासरा-करडांची धडक यांपासून जपा. सर्दी-खोकल्याच्या पाहुण्यांना दारातूनच राम राम करा.

ताप आला, जखम लाल झाली वा पू आला, धाप लागली, ओठ निळे पडले, दूध पिताना घाम फुटला, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका.

ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी एक ध्यानात ठेवावं. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा, शाळेतल्यांची एकदा तपासणी होते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. हृदयाचा दोष तिथंही सापडतो आणि पुढच्या उपचारांची वाट मिळते.

आणि ती आजी? सुनेनं तिला खाली बसवलं, मांडीवर मऊ गोधडी टाकली आणि नातू अलगद ठेवला. घटकाभरात तो तिथंच झोपी गेला.