आधी आईला विचारा, मग निबंध लिहा



'माझी आई' हा निबंध तुम्ही आजवर किती वेळा लिहिला? आई प्रेमळ असते, पहाटे उठते, आपल्यासाठी कष्ट करते. झाला निबंध! नाव बदललं की तोच शेजारच्या मुलालाही चालतो. खरं सांगू का? त्यात तुमची आई नसतेच.

आज एका वेगळ्या घरातल्या आईकडे बघूया. ही आई ज्यू आहे आणि तिची मातृभाषा मराठी आहे. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्रायल हा ज्यू समाज शेकडो वर्षं राहिला. तेल गाळणं हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर, केहीमकर अशी त्यांची आडनावं गावांवरून पडली. पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले, अशी त्यांची परंपरा सांगते.

मग ग्रंथ नसताना धर्म टिकला कसा? 'शेमा' ही प्रार्थना तोंडपाठ होती. शनिवारची विश्रांती, खाण्यापिण्याचे नियम आणि पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा हे सगळं घरात चालू होतं. आता तुम्हीच सांगा, स्वयंपाकघरातले नियम कोण सांभाळतं? माझ्या मते, ही आठवण मोठ्या प्रमाणात आयांनीच जपली.

"मुलगी कॉलेजात गेली की जुनं सगळं विसरते," असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. याच समाजातल्या रिबेका रूबेन १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या आणि पुढे समाजाच्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये काम केलं, त्यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. कवी निसीम इझिकेल यांचे वडील विल्सन कॉलेजात प्राध्यापक होते आणि आई स्वतःची शाळा चालवायची. विंचू चावलेल्या आईवरची त्यांची इंग्रजी कविता तुमच्यापैकी काहींनी वाचलीही असेल. म्हणजे बघा, शिक्षण आणि आठवण यांचं वैर नाही. १९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, तरी तिथूनही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं.

आता आपल्याकडे या. हुडकेश्वरच्या ले-आउटमधली कितीतरी घरं गावाकडून आलेली. मुलं उद्या कॉलेजसाठी पुण्या-मुंबईला जातील. पण पणजीचं नाव किती जणांना सांगता येईल? आपल्याला तर जहाज फुटायचीही गरज पडली नाही. विचारलंच नाही, म्हणून विसरलो.

म्हणून निबंधाआधी आईला तीन प्रश्न विचारा. तुझं लहानपणीचं घर कसं होतं? तुमच्याकडे कोणत्या सणाला काय करायचे? आणि तुला कॉलेजात जायचं होतं का?

तिसऱ्या प्रश्नावर ती कदाचित गप्प बसेल. घाई करू नका, थांबा. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, तिला विचारून लिहा. मार्क किती मिळतील ते सोडा. तो निबंध दुसऱ्या कोणाच्या वहीत सापडणार नाही, एवढं नक्की.

आज रात्री जेवताना विचारून बघा.