उपाशीपोटी शिकण्याचा अभिमान नको

बाबासाहेब अर्धपोटी राहून शिकले, हे वाक्य आपल्या प्रत्येक जयंतीच्या भाषणात येते. ते खरे आहे. 1920 ते 1923 या लंडनच्या काळात सकाळच्या तुटपुंज्या नाश्त्यावर आणि रात्रीच्या पापडांवर त्यांनी ग्रंथालयात दिवस काढले. पण तो त्यांचा नाइलाज होता, आपल्या मुलांना घालून दिलेला नियम नव्हे. तथागतांनीही देह सुकवणारी तपश्चर्या सोडून सुजाताचे अन्न स्वीकारले, त्यानंतरच त्यांना बोधी प्राप्त झाली.

आज आमची मुले-मुली विद्यापीठात शिकतात. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, रात्री मेसचा पातळ रस्सा. घरी पैसे मागायचा संकोच म्हणून एक वेळचे जेवण टाळतात. मग चक्कर येते, वर्गात झोप येते आणि आपण म्हणतो, अभ्यासाचा ताण आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. मुलगी सुटीत घरी आली की सरकारी दवाखान्यात तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या.

चांगले खाणे महागच असते असे नाही. रात्री भिजवलेले हरभरे, मोड आलेली मटकी, मूठभर शेंगदाणे, उकडलेले अंडे हे खोलीवरही जमते. वर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबावे. सुटीत घरी सुकट, पालेभाजी, काळीज करून घालावे.

पैशांचेही सांगतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. मूळ निर्णयात मुंबई-पुण्यासाठी वर्षाला 60,000 रुपये होते, त्यातले 32,000 भोजनाचे. म्हणजे दिवसाला सुमारे 88 रुपये फक्त जेवणाचे. पालकांनो, हा वाटा घरखर्चात वळवू नका. हप्ता रखडला तर चार पालकांनी मिळून समाजकल्याण कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तो आपला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

आणि फोनवर 'जेवलीस का?' एवढेच विचारू नका. 'काय जेवलीस?' ते विचारा.

जयभीम!