एरर नेमकी कुणासाठी?

सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरच्या फाइलमधून हमखास उचलली जाणारी एक ओळ असते: 'ऑर डाय'. डेटाबेसशी कनेक्शन जमलं नाही, तर त्याचं कारण स्क्रीनवर छापायचं आणि तिथेच थांबायचं, हे तिचं काम. लॅबमध्ये हे चालून जातं, कारण कोड लिहिणारा आणि स्क्रीन बघणारा एकच असतो. पण तोच कोड कॉलेजच्या फॉर्मसाठी वापरला, की गडबड सुरू होते.

शेवटच्या तारखेला रात्री फॉर्म भरणाऱ्याला समोर 'ॲक्सेस डिनाइड फॉर युजर रूट' दिसलं, तर त्याने करायचं काय? फॉर्म गेला की नाही, हेही त्याला कळत नाही. उलट वाईट हेतूने आलेल्याला डेटाबेसचं युजरनेम आयतंच मिळतं. पीएचपीमध्ये पीडीओ वापरून एक्सेप्शन पकडलं नाही, तर जुन्या व्हर्जनमध्ये पासवर्डही उघडा पडू शकतो. तो लपवण्याची सोय 8.2 मध्ये आली. आणि गंमत म्हणजे 8.1 पासून मायएसक्यूएलआय स्वतःच एक्सेप्शन फेकतं, त्यामुळे कोड त्या 'ऑर डाय'पर्यंत पोचतच नाही!

काही जण दुसरं टोक गाठतात. एरर दिसायलाच नको, म्हणून कॅच ब्लॉक रिकामा ठेवतात. हे तर त्याहून घातक. आत काहीच सेव्ह झालेलं नाही आणि स्क्रीनवर मात्र 'फॉर्म सबमिट झाला'!

खरं तर एरर वाचणारे दोघं असतात. डेव्हलपरला पूर्ण कारण हवं. ते वेळेसकट लॉग फाइलमध्ये जाऊ द्या. लाइव्ह सर्व्हरवर 'डिस्प्ले एरर्स' बंद आणि 'लॉग एरर्स' चालू ठेवा. युजरला हवा सरळ निरोप: 'सध्या सर्व्हरशी संपर्क होत नाही. तुमचा फॉर्म सेव्ह झालेला नाही. थोड्या वेळाने पुन्हा भरा.' सोबत 503 हा स्टेटस कोड पाठवा, म्हणजे अडचण तात्पुरती आहे हे ब्राउझरला आणि सर्च इंजिनलाही कळतं. कनेक्शन मध्येच तुटलं असेल, तर मात्र 'सेव्ह झाला नाही' असं छातीठोकपणे सांगू नका, आधी तपासा.

आपल्याकडे व्हायवाला प्रोजेक्ट चालतो का, एवढंच बघतात. सरांनी आणि मॅडमनी एकदा झॅम्पमधलं मायएसक्यूएल बंद करून प्रोजेक्ट चालवायला सांगावं. तेव्हा स्क्रीनवर जे दिसेल, त्यालाही मार्क असायला हवेत.