केर जातो कुठे?

दिवाळी तोंडावर आली की आपल्या घरांना झाडण्याचे वेड लागते. माळे उपसले जातात, जळमटे निघतात, बरण्या घासल्या जातात आणि धनत्रयोदशीपर्यंत घर कसे लख्ख होते. लक्ष्मीला केर खपत नाही, म्हणून तर तिच्या शेजारी आपण केरसुणीचीही पूजा करतो. या गडबडीत एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही : निघालेला केर जातो कुठे?

पुण्याचा केर वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात जात असे. घरे झाडली शहराने, ढीग साचला गावकऱ्यांच्या दारी. ढिगातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने विहिरी नासल्या. २०१७ साली तेथे आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी केराच्या गाड्याच अडविल्या आणि शहरात नाकाला रुमाल लावून हिंडण्याची पाळी आली. दिवाळी काय त्या गावांना नसते?

माझ्या मते दोष केराचा नाही, तो कालविण्याचा आहे. भाजीची देठे आणि उष्टे अन्न ढिगाखाली हवेवाचून कुजले की मिथेन हा पेट घेणारा वायू तयार होतो; तेच मोकळ्या हवेत कुजले तर खत होते. कोरड्या कागदाला रद्दीचा भाव असतो. आमटीत भिजला की तो कवडीमोल. दोन उपयोगी वस्तू कालवून तिसरी विषारी वस्तू करण्याचा हा उद्योग घरोघर रोज सकाळी बिनबोभाट चालतो.

आणि हा काला निवडतात तीही माणसेच. पुण्यातील कचरावेचक १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या नावाने संघटित झाले. त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ साली महापालिकेशी करार करून दारोदार केर नेऊ लागली. आपण टाकलेली फुटकी काच त्यांच्याच बोटांत शिरते. केर वेगळा करून देण्याचे काम केंद्र सरकारने २०१६ च्या नियमांनी घराघरावर सोपविले खरे. पण सरकारचा नियम काही आपल्या ओट्याखाली डोकावायला येत नाही.

तेव्हा तेथे दोन डबे आपणच ठेवावेत. एक ओल्याचा, एक कोरड्याचा. काच, ब्लेड आणि जुनी औषधे निराळी द्यावीत. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करावी. गॅलरीत एखाद्या जुन्या बादलीला भोके पाडून तळाशी नारळाच्या शेंड्या घालाव्यात. वर ओला केर, त्यावर वाळका पाला, चमचाभर आंबट ताक; आठवड्यातून दोनदा खालीवर करावे. वास आला तर पाणी जास्त झाले असे समजून पाला वाढवावा. दीड-दोन महिन्यांत कुंडीपुरते काळेभोर खत हाती येते. आणि हो, हे काम एकट्या गृहिणीचे नव्हे. कोणता डबा कशाचा हे पुरुषमंडळींनाही चांगले दिसते!

गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्याने रस्ता झाडीत, कीर्तन मागाहून. ते दुसऱ्यांच्या दारचा केर काढीत. आपल्याला तेवढे साधणार नसेल, तर निदान आपला केर दुसऱ्याच्या दारी जाऊ नये, एवढे पाहावे. केरसुणीला हळदकुंकू वाहताना एवढे मनाशी धरले, तरच ती पूजा पोचली म्हणायची.