वजन बरोबर, पण माल?

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी म्हटले की तेरणा साखर कारखाना आठवतो. उसाची गाडी काट्यावर कशी तोलतात, हे तिथल्या मुलांना सांगायला नको. आधी भरलेली गाडी, मग रिकामी. दोन वजनांतील फरक म्हणजे ऊस. पण मोळीत ऊस किती आणि पाचट किती, हे काटा सांगत नाही. त्यासाठी मोळी सोडूनच पाहावी लागते. संगणकातही असाच एक काटा आहे.

संगणक सुरू होताच प्रथम चालणाऱ्या कार्यक्रमाला बायोस म्हणतात. जुन्या संगणकांत तो रॉममध्ये, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या स्मृतीत, कायमचा भरलेला असे. आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा त्याच्या बायोसला हार्ड डिस्क चालवता येत नव्हती. मग प्रत्येक नव्या उपकरणासाठी बायोस बदलत बसायचे काय? ऑक्टोबर १९८२ च्या बायोसने सुटसुटीत तोड काढली. कार्डाने आपला रॉम स्वतःबरोबर आणावा. बायोसने तो फक्त शोधावा!

हा शोध कसा चालतो? बायोस स्मृतीच्या ठरावीक भागात दर २०४८ बाइटांवर थांबून पाहतो. पहिले दोन बाइट ८५ आणि १७० असतील, तर तेथे रॉम आहे. हे आकडे द्विमान पद्धतीत लिहून पाहा : ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. तिसरा बाइट लांबी सांगतो. तो १६ असेल तर १६ × ५१२ = ८१९२ बाइट. मग या सर्व बाइटांची बेरीज करायची. तिला २५६ ने निःशेष भाग गेला पाहिजे. गेला, की चौथ्या बाइटापासून कार्डाचा कार्यक्रम चालू होतो आणि काम संपवून बायोसकडे परततो.

रॉममधील अक्षरही बदलत नाही, तरी बायोसला नवी विद्या कशी येते? बायोसच्या सेवांचे पत्ते रॅममधील एका तक्त्यात असतात. हार्ड डिस्कचे कार्ड तेथे डिस्क-सेवेसमोर आपला पत्ता लिहिते. १९८३ च्या आयबीएम एक्सटी संगणकाची १० मेगाबाइटची हार्ड डिस्क अशीच चालू झाली.

ही योजना मला फार आवडते. पुढे काय येणार हे ठाऊक नसताना, येणाऱ्यासाठी जागा आणि नियम ठेवणे हे खरे शहाणपण. पण तिची मर्यादाही ओळखा. दोन बाइटांची अदलाबदल केली तरी बेरीज तीच राहते! कोणी मुद्दाम घातक कार्यक्रम लिहिला, तर एक बाइट जुळवून तो बेरीजही बरोबर आणील. बेरीज चूक पकडते, लबाडी नाही. म्हणूनच आजच्या यूईएफआय व्यवस्थेत, सिक्युअर बूट चालू असेल तर, कार्डावरील कार्यक्रमाची डिजिटल सही तपासतात. पण सहीने माल कोणाचा एवढेच कळते. तो चांगला की वाईट, हे आत पाहूनच ठरते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. शाळेतील बंद पडलेला संगणक न उघडताच भंगारात देऊ नका. वायर काढून, वीजपुरवठ्याची पेटी बंदच ठेवून, मुलांना मदरबोर्ड, स्लॉट आणि कार्डे पाहू द्या. कार्डावर रॉमची चिप सापडते का, ते शोधू द्या. नुसती कळफलकावर बोटे फिरवायला शिकलेला विद्यार्थी काट्यावरचा आकडा वाचतो. मोळी सोडून पाहण्याची सवय त्याला शाळेनेच लावायची आहे.