जीर्णोद्धार नको, डागडुजी करा

‘जीर्णोद्धार’ हा शब्द ऐकला की हल्ली माझ्या पोटात गोळाच येतो. कारण सांगतो.

इंग्लंडात विल्टशरमध्ये, थेम्सच्या काठी इंगलशॅम नावाचं एवढंसं खेडं आहे. तिथलं चर्च बरंचसं १३व्या शतकातलं. मनोरा नाही, छपरावर नुसता घंटेपुरता आडोसा. आत फरशी वरखाली, लाकडी खोक्यांसारखी जुनी बाकं, आणि भिंतींवर चित्रांचे नि बायबलातल्या वचनांचे थरावर थर. एकाखालून दुसरं डोकावतंय. मेरी आणि बाळ येशूचं एक शिल्प तर या इमारतीच्याही आधीचं, सॅक्सन काळातलं. मध्यंतरी ते बाहेरच्या भिंतीत होतं आणि चक्क सूर्यघड्याळ म्हणून वापरलं जाई!

हे सगळं टिकलं कसं? जीर्णोद्धार झाला नाही म्हणून!! १९व्या शतकात इंग्लंडातल्या हजारो चर्चेसचा तो झाला. ‘अस्सल’ मध्ययुगीन रूप आणायचं म्हणून जुनी बाकं उखडली. कुठे कुठे १५व्या शतकातल्या खिडक्या काढून १४व्या शतकाच्या थाटाच्या कोऱ्या बसवल्या. दगड दिसावा म्हणून गिलावा खरवडला. आता गंमत बघा. मध्ययुगात या ओबडधोबड भिंतींना गिलावा असे, वर चुना नि चित्रं असत. म्हणजे जे कधी नव्हतंच ते ‘मूळ रूप’ म्हणून आणलं, आणि गिलाव्याबरोबर चित्रं गेली ती गेलीच.

या खरवडण्यावर चिडूनच विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. त्याचं खेड्यातलं घर इंगलशॅमजवळच, केल्म्सकॉटला. १८८८-८९ मध्ये त्याच्या खटपटीने या चर्चचं काम झालं. तिथल्या पाटीवर शब्द आहे ‘दुरुस्ती’. बस्स, तेवढाच.

“पण देऊळ काय नि चर्च काय, म्युझियम नव्हे, लोकांना वापरायचं असतं” असं कुणी म्हणेलच. इंगलशॅमला आता नियमित प्रार्थना होत नाही, हेही खरं. पण गळकं छप्पर शाकारायला, पन्हळी साफ करायला कोण नको म्हणतंय? सांधे चुन्याने भरा. सिमेंट कोंबलं की ओल आत कोंडते आणि दगडाचाच भुगा होतो.

असो. काका, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. देवळाच्या समितीची वर्गणी मी देतो. पण दगडी खांबांना ऑइलपेंट लागणार नसेल तरच, आणि पावतीवर ‘डागडुजी’ लिहून द्या.