उन्हाळी याद्या आणि एप्रिलचे कुलूप

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे संपत आले, की आम्हा मराठीच्या प्राध्यापकांमध्ये दरवर्षी एक प्रश्न फिरू लागतो : 'सुट्टीत काय वाचताय?' मग याद्या येतात. कुणाची पाच पुस्तकांची, कुणाची बारांची. बहुतेक यादीत एखादी नुकतीच पुरस्कार मिळालेली कादंबरी असते, एखादे भाषांतर असते, एक जाडजूड वैचारिक ग्रंथ असतो आणि शेवटी 'पुन्हा एकदा' असे लिहून 'कोसला' किंवा 'रणांगण' असते. हे 'पुन्हा एकदा' फार कामाचे आहे. ज्याने पहिल्यांदाही नीट वाचलेले नसते, त्याची त्यात सोय होते. हे मी खात्रीने लिहितो, कारण काही वर्षांपूर्वी माझ्या यादीत 'ताम्रपट' असाच 'पुन्हा एकदा' म्हणून आला होता. तोवर मी त्याच्या दीडशे पानांपलीकडे गेलेलो नव्हतो.

पण ही लबाडी किरकोळ आहे आणि तिच्यासाठी एवढे लिहिण्याची गरज नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हा प्रश्न आपण ज्यांना विचारतो, त्यांच्यात आपले विद्यार्थी कधीच नसतात. आणि ते का नसतात, याचे कारण आपल्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एप्रिल महिन्यात कुलूपबंद होत असते.

मी वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवतो. दोन वर्षांपूर्वी मार्चमधल्या शेवटच्या तासाला मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला सवयीने हाच प्रश्न विचारला. वर्ग गप्प. मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, पुस्तकं तं जमा कराले सांगतली. मंग वाचाचं काय?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला साधी गोष्ट कशी ठाऊक नाही, याचे तिला नवल वाटत होते.

मला ती ठाऊक होती, पण तिच्याकडे मी या बाजूने कधी पाहिले नव्हते. आमच्याकडची रीत अशी : परीक्षेआधी प्रत्येक विद्यार्थ्याने ग्रंथालयाची सर्व पुस्तके परत करायची, कार्डावर 'नो ड्यूज'चा शिक्का घ्यायचा आणि तो दाखवला की हॉल तिकीट मिळायचे. परीक्षा संपते, सुट्टी लागते आणि देवघेव विभाग बंद होतो. पुन्हा उघडतो तो जूनच्या मध्यानंतर, प्रवेश पूर्ण झाले की. नवीन ओळखपत्रे तयार होऊन पहिले पुस्तक हाती पडेपर्यंत पुष्कळदा ऑगस्ट उजाडतो. म्हणजे वर्षातले साडेतीन-चार महिने विद्यार्थ्याच्या हाती ग्रंथालयाचे एकही पुस्तक नसते, आणि हे नेमके तेच महिने, ज्यांत त्याला तास नाहीत, चाचण्या नाहीत, प्रकल्प नाहीत. ज्या दोन महिन्यांत माणूस अभ्यासक्रमाबाहेरचे काही वाचू शकला असता, त्या दोन महिन्यांत आपण त्याच्याकडून पुस्तके काढून घेतो. थोड्याफार फरकाने हे अनेक ठिकाणी असेच चालते. शंका असेल त्यांनी आपापल्या ग्रंथालयातला सूचनाफलक एप्रिलमध्ये वाचून पाहावा.

त्या मुलीला 'धग' हवी होती. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी १९६० सालची. ती आमच्या भागातली, आमच्या बोलीतली. शेळके वऱ्हाडीचा वापर चव आणण्यापुरता करीत नाहीत, त्या बोलीतच त्यांच्या माणसांचे सगळे जगणे चालते. वर्गात मी तिच्यातला एक प्रसंग वाचून दाखवला होता. मी ग्रंथपालांकडे गेलो. नोंदवहीप्रमाणे आमच्याकडे 'धग'च्या तीन प्रती होत्या आणि तिन्ही कपाटात होत्या. ग्रंथपाल म्हणाले, "सर, तुम्ही तुमच्या नावावर घ्या, हवी तर."

हा उपाय त्यांनी चांगल्या मनाने सुचवला. मी मात्र त्या निमित्ताने माझे खाते पाहिले. त्या दिवशी माझ्या नावावर तेवीस पुस्तके होती. त्यांतली काही २०१६ पासून. त्यांच्यासाठी मला कुणी कधी अडवलेले नाही, माझा पगार थांबवलेला नाही. प्राध्यापकाला 'नो ड्यूज' लागतो तो एकदम निवृत्त होताना. तेव्हा आपल्या उन्हाळी यादीचा पाया काय, तर ही तेवीस पुस्तके. एका शिक्षकाकडे आठ वर्षे तेवीस, आणि शंभर विद्यार्थ्यांकडे चार महिने शून्य. ही यादी मी कोणत्या तोंडाने जाहीर करीत होतो?

ग्रंथपालांवर सगळा राग काढणे सोपे आहे आणि ते बरोबर नाही. त्यांना उन्हाळ्यात पडताळणी करायची असते, म्हणजे दाखल नोंदवहीतला प्रत्येक क्रमांक कपाटातल्या पुस्तकाशी ताडून पाहायचा असतो. जे सापडत नाही, त्याचा जाब त्यांना विचारला जातो. शिवाय तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी एकदा गेला की गेला. त्याच्या दारी पुस्तक मागायला कोण जाणार? हे सगळे खरे. पण पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची मुले तर जूनमध्ये परत येणारच असतात. त्यांचा प्रवेश, त्यांची अनामत, त्यांचे गुणपत्रक सारे महाविद्यालयाच्याच हाती असते. त्यांनी 'धग' घेऊन पळून जावे कुठे?

आणि समजा, एखादे पुस्तक गेलेच. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांविषयी एक शहाणपणाची तरतूद आहे : वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचायला काढलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ झाले, तर ती हानी वाजवी समजावी, मात्र ती अप्रामाणिकपणामुळे किंवा हयगयीमुळे झालेली नसावी. महाग आणि दुर्मिळ ग्रंथांची चौकशी तेवढी व्हावी. आमच्यासारख्या महाविद्यालयांना हा नियम जसाच्या तसा लागू नाही, हे मला कळते. पण हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेलाही जे कळते, ते आपल्या साहित्यविभागांना कळू नये? शि. रा. रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ मध्ये मांडले. त्यांतला पहिलाच नियम पुस्तकांच्या वापराविषयी आहे, जतनाविषयी नाही. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून आपण ते पाचही नियम परीक्षेत लिहून घेतो. अर्थात, त्याची पुस्तके आधी जमा करून.

उन्हाळी यादीची ही प्रथा मुळात आपली नव्हे. इंग्रजी वृत्तपत्रांतून ती आपल्याकडे आली. बराक ओबामा अध्यक्ष असताना आपली उन्हाळ्याची वाचनयादी जाहीर करीत आणि पुढेही त्यांनी ते चालू ठेवले, हे सर्वांना माहीत आहे. आपल्यापैकी अनेकांना नमुना म्हणून तीच यादी आठवते. पण त्या देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सार्वजनिक ग्रंथालये मुलांसाठी खास उन्हाळ्याचे वाचन-उपक्रम चालवीत आली आहेत. शाळा बंद होते तेव्हा तिथली ग्रंथालये जास्त उघडतात. आपण यादी तेवढी उचलली; तिच्यामागचे ग्रंथालय तिकडेच राहिले.

आपल्याकडे असे काही नव्हतेच, असेही नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत अनुदान घेणारी ग्रंथालये राज्यात हजारोंनी आहेत. शहरांतल्या जुन्या वाचनालयांत बालविभागाचे सुट्टीतले उपक्रमही होतात. पण आमच्या या मुलीच्या गावातले वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीशेजारची एक खोली. ती संध्याकाळी दोन तास उघडते, बाकावर चार-पाच पुरुष वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात, आणि पुस्तकांचे कपाट त्यांच्या पाठीमागे. तिथे जाऊन कादंबरी मागणे एकोणीस वर्षांच्या मुलीला किती जमण्यासारखे आहे, ते तुम्हीच ठरवा. 'गाव तिथे ग्रंथालय' ही घोषणा चांगली आहे, पण ग्रंथालयात शिरायला वाट लागते.

इथे एका ज्येष्ठ स्नेह्याचा आक्षेप नोंदवतो. ते म्हणाले, "यादीने कुणाचे काय बिघडते? तुझ्या ग्रंथालयाचे कुलूप यादीने लावले का? यादी वाचून चार माणसे चार पुस्तके घेतात, हे काय वाईट?" वाईट नाही. श्याम मनोहरांची 'उत्सुकतेने मी झोपलो' मला अशाच एका मित्राच्या यादीतून मिळाली, आणि त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. पण यादीने कुलूप लावले नसले तरी त्यावर पडदा टाकण्याचे काम ती करते. मे महिन्यात मराठीच्या वर्तुळात पुस्तकांची एवढी चर्चा चालू असते, की वाचन जोरात आहे असे आपले आपल्यालाच वाटू लागते. वाचणारे कोण? पूर्णवेळ पगार असलेले, चारशे-सहाशे रुपयांचे पुस्तक मागवू शकणारे, कूलर असलेल्या खोलीत बसणारे आपण दोनशे-तीनशे जण. आपणच लिहितो, आपणच वाचतो, आपणच एकमेकांच्या यादीला दाद देतो.

आपल्याच विभागातला तासिका तत्त्वावरचा सहकारी या वर्तुळात नसतो. त्याचे मानधन घेतलेल्या तासांवर. मे महिन्यात तास नाहीत, म्हणजे मानधनही नाही. तोही एम.ए. मराठी, नेट किंवा सेट झालेला, पुष्कळदा आपल्यापेक्षा चांगला वाचणारा. सुट्टी हा त्याच्यासाठी बिनपगारी महिना असतो. आमच्याकडचा एक जण त्या काळात मंगल कार्यालयात हिशेब लिहितो. त्याला 'सुट्टीत काय वाचताय?' हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

मोबाइलवर सगळे मिळते, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन वाक्ये. चोरलेल्या पीडीएफवर आपण विद्यार्थ्यांना सोडून द्यायचे आणि स्वतः कापडी बांधणीच्या प्रतींची छायाचित्रे टाकायची, हा न्याय मला मान्य नाही. आणि जे खरोखर मोकळे आहे, म्हणजे हरिभाऊ आपटे, गडकरी, केतकर यांच्यासारखे साठ वर्षांपूर्वीच दिवंगत झालेले, ज्यांचे स्वामित्वहक्क संपले असे लेखक, किंवा राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेले ग्रंथ, त्यांतले एकही नाव मला आपल्या उन्हाळी याद्यांत दिसलेले नाही. फुकट मिळणाऱ्या पुस्तकाने बहुधा रुबाब येत नाही.

मग करायचे काय? यादी बंद करा, असे मी म्हणत नाही. तिच्यात दोन रकाने वाढवा. पहिल्यात पान क्रमांक : कुठवर आलात, कुठे अडलात, काय टाकून दिले. मराठीचा प्राध्यापक एखादी मोठी कादंबरी अर्ध्यात सोडतो हे विद्यार्थ्याला कळले, तर त्याला धीरच येईल. दुसऱ्या रकान्यात : हे पुस्तक तुमच्यानंतर कुणाच्या हाती गेले. आणि यादी लिहिण्याआधी, एप्रिल लागण्यापूर्वी, ग्रंथालय समितीच्या बैठकीत जाऊन बसा. आपण त्या समितीवर असतो, फक्त चहाच्या वेळेला सही करून येतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सुट्टीसाठी दोन पुस्तके द्यावीत, एवढा एका ओळीचा ठराव मी गेल्या वर्षी मांडला. पडताळणीचे कारण पुढे आले आणि तो 'पुढील बैठकीत' गेला. यंदा पुन्हा मांडला, तेव्हा माझी तेवीस पुस्तके आधी परत करून मगच मांडला. यंदा पन्नास मुलांपुरता तो मान्य झाला आहे. प्रत्येकी एक पुस्तक, पालकांच्या सहीने. पालकांची सही कशाला, ते मला अजून समजलेले नाही.

'धग' त्या वर्षी मी तिला माझ्या घरातली दिली. जूनमध्ये तिने ती वर्तमानपत्राचे कव्हर घालून परत आणली. सोबत वहीचे एक पान होते, त्यावर चाळीसेक शब्द. रात्री अंगणात खाट टाकून ती आजीला मोठ्याने वाचून दाखवायची. आजी शब्दाला थांबवून सांगायची की हे असे म्हणत नाहीत, किंवा हे माझी सासू म्हणायची. तिला एक-दोन दिवस वाचायला जमले नाही, तर आजी विचारायची, "कौतिकचं काय झालं मंग?" त्या चाळीस शब्दांपैकी दोहोंचे अर्थ मी वर्गात अनेक वर्षे चुकीचे सांगत आलो होतो.

तर या उन्हाळ्याची माझी यादी. 'सातपाटील कुलवृत्तांत' : ३१२ व्या पानापर्यंत, चालू आहे. 'ताम्रपट' : पूर्ण, पहिल्यांदाच. एक भाषांतरित कादंबरी : साठ पानांनंतर सोडली, दोष भाषांतराचा की माझा, ते ठरवता आले नाही. 'धग' : माझ्याकडे नाही. ती सध्या त्या मुलीच्या मावसबहिणीकडे आहे, आणि जुलैपर्यंत मी ती मागणार नाही.